भारनियमन पाळण्याची रीत : दुधनीकरांसाठी मार्गदर्शिका

सोलापुराहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, महाराष्ट्राची हद्द संपण्याच्या थोडे अलीकडे, अक्कलकोट तालुक्यात दुधनी नावाचे जे गाव आहे, ज्याला स्वतःची नगरपरिषद आहे, तुरीच्या नि उडदाच्या सौद्यांनी गजबजणारी बाजार समिती आहे, आणि ज्याचे रहिवासी घरात कानडी, दप्तरात मराठी आणि वीज गेल्यावर या दोहोंचे एक जहाल मिश्रण बोलतात, त्या गावातील सभ्य स्त्रीपुरुषांच्या उपयोगासाठी ही मार्गदर्शिका सिद्ध केली आहे. विजेचा तुटवडा ही आपत्ती आहे असे समजणारे लोक शहरांत राहतात. आमच्या मुलखात ते एक शास्त्र आहे, आणि कोणतेही शास्त्र परंपरेने समजावून घेतल्यावाचून फळ देत नाही, म्हणून हा खटाटोप.

वीजवापरावर सरकारी निर्बंध ही काल-परवाची गोष्ट आहे, असा तरुण पिढीचा समज असतो; तो प्रथम दूर केला पाहिजे. 1910 च्या भारतीय वीज कायद्यात पुढे एक जादा कलम घालून विजेचे वाटप आणि वापर यांचे नियंत्रण करण्याचा अधिकार राज्य सरकारांस देण्यात आला होता, आणि पिंपरी-चिंचवडकडील कारखाने रविवार सोडून गुरुवारी का बंद असतात, याचे उत्तरही अशाच एका जुन्या काटकसरीत सापडते. 2003 साली नवा कायदा आला आणि हे काम वीज नियामक आयोगाकडे गेले. त्यामुळे पूर्वी जी वीज नुसतीच जात असे, ती आता अर्ज दाखल होऊन, सुनावणी होऊन, प्रकरण क्रमांक पडलेल्या आदेशान्वये जाऊ लागली. यात ग्राहकाला लाभ कोणता, असे कोणी विचारल्यास त्याला शांतपणे सांगावे की, अंधार तोच असला तरी त्याला आता कायद्याचे अधिष्ठान आहे.

दाभोळचा वीजप्रकल्प 2001 साली बंद पडला, नवी निर्मिती म्हणावी तशी उभी राहिली नाही, मागणी मात्र पंख्यांबरोबर आणि पंपांबरोबर वाढत गेली; 6 जून 2005 रोजी जुन्या वीज मंडळाच्या जागी वीज निर्माण करणारी एक, वाहून नेणारी दुसरी आणि देणारी किंवा प्रसंगी न देणारी तिसरी अशा कंपन्या आल्या; आणि त्याच सुमारास तुटवडा 4,000 मेगावॉटांच्या पलीकडे जाऊन, नसलेली वीज नेमकी कोणाला द्यायची नाही, हा नाजूक प्रश्न आयोगापुढे येऊन ठेपला. आयोगाने यावर गुणानुक्रमाचा तोडगा काढला. उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीत, म्हणजे लोकांच्या भाषेत फिडरवर, किती युनिटे सोडली, त्यांपैकी कितींची बिले निघाली, आणि त्या बिलांपैकी किती रक्कम प्रत्यक्ष वसूल झाली, हे पाहून गळती ठरवायची आणि त्या गळतीच्या मानाने 'ए' पासून खाली वर्ग पाडायचे. उतरंड पुढे 'जी' पर्यंत गेली, आणि 'जी' चेही पहिला, दुसरा, तिसरा असे पोटवर्ग झाले, कारण पुराणांतसुद्धा नरक एकच सांगितलेला नाही.

तेव्हा भारनियमन पाळू इच्छिणाऱ्या गृहस्थाचे आद्य कर्तव्य हे की त्याने आपला वर्ग ओळखावा. समजा, आपण उभ्या आयुष्यात विजेच्या बिलाची मुदत एकदाही चुकवलेली नाही, पावत्यांची चळत ट्रंकेत जपून ठेवली आहे, आणि मीटरवरची धूळसुद्धा त्याच्या गतीला अडथळा होऊ नये म्हणून आपण दर अमावास्येला झाडता. हे सारे स्तुत्य असले तरी या शास्त्रात त्याला काडीचे मोल नाही. आपल्याच फिडरवर पलीकडच्या वस्तीत कोणी तारेवर आकडा टाकून लग्नाचा मांडव उजळला असेल, किंवा कोण्या बड्या बाकीदाराचा तगादा वर्षानुवर्षे दप्तरात निवांत झोपला असेल, तर त्यांची आणि आपली गळती एकाच खतावणीत मांडली जाते आणि आपण दोघे एकाच मुहूर्तावर काळोखात जाता. फरक इतकाच की, त्याला काळोखाचे बिल येत नाही. आमच्या धर्मशास्त्रांनी कर्मविपाक वैयक्तिक सांगितला, ज्याचे पाप त्याच्या माथी. त्याला सामुदायिक करण्याचा मान मात्र आमच्या काळातील हिशेबनिसांकडे जातो. चोरी पकडणे हे कठीण, वेळखाऊ आणि अप्रिय काम आहे. कायद्याच्या 135 व्या कलमात तिला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे खरी, परंतु कैदेसाठी पुरावा लागतो, पंचनामा लागतो, आणि पंच म्हणून सही करायला त्याच आळीतला माणूस लागतो. फिडरचा खटका खाली ओढायला यांपैकी काहीच लागत नाही.

यास्तव यापुढे मुलीचे स्थळ पाहताना कूळ, शेती आणि मुलाची नोकरी यांच्या जोडीला मुलाच्या घरचा फिडर कोणत्या वर्गातला, हेही निःसंकोच विचारावे. पत्रिकेतला मंगळ शांत करता येतो. 'जी-तीन' शांत करण्याचा विधी आमच्या माहितीत नाही.

दुसरी पायरी म्हणजे अंधाराची परीक्षा. अननुभवी माणूस वीज गेली की सरसकट 'करंट गेला' असे ओरडतो आणि मोकळा होतो. अभ्यासकाला हे शोभत नाही. न्यायशास्त्राने अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत, ते दुधनीत बसून सप्रयोग शिकता येतात. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वी तिचा जो अभाव, तो प्रागभाव: शेतातील जोडणीसाठी अनामत भरलेली आहे, अर्ज दाखल आहे, आणि खांब अजून यायचा आहे. वस्तूचा नाश झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव: डीपी (म्हणजे रोहित्र) जळाली. भूत, भविष्य आणि वर्तमान या तिन्ही काळी जो टिकून राहतो, तो अत्यंताभाव: उन्हाळ्यात, दिवसाउजेडी, पूर्ण दाबाची थ्री-फेज वीज. आणि घट म्हणजे पट नव्हे, असा जो परस्परांतील भेद, तो अन्योन्याभाव. त्याचे उदाहरण म्हणून सिंगल फेजिंगच्या, म्हणजे दिव्यांपुरत्या विजेच्या, तासांत पिठाच्या गिरणीत जावे, जिथे छताचा दिवा लख्ख जळत असतो, त्याच्या प्रकाशात गिरणीचा पट्टा निश्चल लोंबकळताना स्वच्छ दिसतो, आणि ज्वारीचे डबे ओळीने मांडून बायका गिरणीवाल्या मामांना, दिवा आहे तर गिरणी का नाही, हा दार्शनिक प्रश्न विचारीत असतात. काही आचार्य सामयिकाभाव म्हणून पाचवा प्रकार मानतात, म्हणजे वस्तू थोडा वेळ तेथून दूर असते आणि मग परत येते. भारनियमन ते हेच. वेळापत्रकातले भारनियमन आणि वेळापत्रकाबाहेरचे 'आपत्कालीन' भारनियमन असा त्यात पोटभेद आहे; परंतु पहिले दुपारी संपून दुसरे लगेच सुरू झाले, तर संधिकाल ओळखणे थोरामोठ्यांनाही साधत नाही.

शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र सूचना देणे अवश्य आहे, कारण त्यांचे पंचांगच निराळे. शेतीपंपांना आळीपाळीने दिवसा 8 तास किंवा रात्री 10 तास थ्री-फेज वीज, अशी व्यवस्था या राज्यात दीर्घकाळ चालत आली. रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात बळीराजाने बॅटरी, काठी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट एवढा सरंजाम घेऊन मध्यरात्री विहिरीवर रुजू व्हावे, ऊस असल्यास सरीत पाय टाकण्यापूर्वी तेथे आधीपासून वास्तव्यास असलेल्या सापास काठीने सूचना द्यावी, आणि दिवसा डोळा लागल्यास त्याला आळस म्हणणाऱ्या शहरी पाहुण्याशी वाद घालू नये. या जागरणातून सुटका म्हणून लोक स्टार्टरला ऑटो-स्विच बसवितात, म्हणजे वीज येताच पंप आपोआप चालू होतो आणि मालक गादीवर राहतो. वीज कंपनीने ऑटो-स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे वारंवार विनविले आहे, आणि कंपनीचे म्हणणे पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे: सगळे पंप एकाच क्षणी उठले की त्यांच्या पहिल्या ओढीने रोहित्रावर भार येतो आणि ते जळते. शेतकऱ्याने काढलेले अनुमानही तितकेच शास्त्रशुद्ध आहे: मी एकट्याने ऑटो-स्विच काढला तर बाकीच्यांचे पाणी होईल, डीपी जळायची ती जळेलच, आणि माझे वाफे तेवढे कोरडे राहतील. दोन शुद्ध युक्तिवाद समोरासमोर उभे राहिले म्हणजे मध्ये डीपी जळते.

ती जळाल्यावर काय करावे? आयोगाने 2005 साली सेवेची मानके ठरवून दिली, त्यांत ग्रामीण भागात जळालेले रोहित्र 48 तासांत बदलावे, आणि उशीर झाल्यास ग्राहकाला तासाला 50 रुपये भरपाई मिळावी, असे स्पष्ट लिहिले होते. प्रस्तुत मार्गदर्शिकेच्या वाचकाने तक्रारीची तारीख, वेळ आणि क्रमांक लिहून घ्यावा, अर्ज करावा आणि पोच घ्यावी. याउलट रूढ मार्ग असा आहे की, डीपीवरच्या सर्वांनी पारावर जमावे, ज्याचा ऊस सर्वांत अधिक वाळतो आहे त्याने वर्गणीचा आकडा सुचवावा, आणि ट्रॅक्टरची ट्रॉली जुंपून पुढील व्यवस्था करावी. भरपाईचा मार्ग कायद्याने सिद्ध आहे आणि वर्गणीचा मार्ग अनुभवाने. पिकाला मात्र दोहोंतला एकच समजतो.

उपकेंद्रात फोन करण्याचेही काही शिष्टाचार आहेत. फोन उचलणाऱ्या यंत्रचालकावर ओरडू नये. वीज साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी ती वापरली जावी लागते, आणि मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की जाळ्याची वारंवारिता सेकंदाला 50 आवर्तनांच्या खाली घसरू लागते. ती सावरण्यासाठी ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून हुकूम सुटतो, तो पायरीपायरीने खाली येत उपकेंद्रातल्या त्या एकट्या माणसापर्यंत पोचतो, आणि त्याने खटका ओढल्यावर साऱ्या गावाच्या शिव्यांचा तोच धनी होतो. त्याला 'अण्णा, किती वाजता येईल?' एवढेच विचारावे, आणि तो 'वरून ऑर्डर आहे' म्हणाल्यावर आभार मानून फोन ठेवावा. अधिक काही त्यालाही ठाऊक नसते.

रिकाम्या वेळात मनन करण्यासाठी काही विषय सुचवून ठेवतो. 2006 पासून 2012 पर्यंत देशाचे ऊर्जामंत्री सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे होते, आणि त्याच वर्षांत या जिल्ह्यातील खेडी भारनियमनाची पाठांतरे करीत होती. पक्षपाताचा आरोप त्यांच्यावर निदान याबाबतीत कोणाला करता येणार नाही. 31 जुलै 2012 रोजी उत्तर आणि पूर्व भारतातील कोट्यवधी लोक लागोपाठ दुसऱ्या दिवशी अंधारात गेले, त्याच दिवशी शिंदे यांना बढती मिळून ते गृहमंत्री झाले. दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाशी ज्या 765 केव्हीच्या वाहिनीने 31 डिसेंबर 2013 रोजी एकजीव झाले, ती रायचूर-सोलापूर वाहिनी. म्हणजे साऱ्या हिंदुस्थानाची विद्युत्-एकात्मता आमच्याच मुलखात साधली गेली. पुढे दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचे 660 मेगावॉटांचे दोन संच उभे राहिले. एवढे वैभव अंगणात असताना एप्रिल 2022 मध्ये कोळशाची टंचाई आणि 28,000 मेगावॉटांपुढे गेलेली राज्याची मागणी यांनी भारनियमन परत आणले, तेव्हा सर्वाधिक गळतीच्या 'जी' वर्गांना जुनी ओळख असल्याप्रमाणे पहिल्यांदा बोलावणे आले.

5 एप्रिल 2020 रोजी रात्री 9 वाजता 9 मिनिटे दिवे मालवण्याचे पंतप्रधानांचे आवाहन झाले, तेव्हा देशाची मागणी एकदम सुमारे 31,000 मेगावॉटांनी उतरली आणि जाळे कोसळेल की काय, या काळजीने अभियंत्यांचे प्राण कंठाशी आले होते. देशभर त्याचे केवढे अप्रूप! आमच्या बाजूला या कलेचा रियाज इतका जुना आहे की, आगाऊ वेळ कळवून केवळ 9 मिनिटे जाणारी वीज हा प्रकार लोकांना शिस्तीचा परमावधी वाटला असेल.

फुकट विजेविषयी मात्र सावधपणे आनंद मानावा. 2004 च्या निवडणुकीपूर्वी शेतीपंपांची वीज माफ झाली आणि निवडणुकीनंतर, 2005 साली, माफी मागे घेतली गेली. 2024 साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी ती पुन्हा आली. सरहद्दीपलीकडे कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंत बिल नाही, म्हणून पलीकडच्या सोयऱ्याचा हेवा करू नये. त्याचे थ्री-फेजचे तास त्याला विचारावेत, म्हणजे मन निवते. बिल शून्य असणे आणि तारेत वीज असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निवडणुकीत पहिलीचेच आश्वासन देता येते, कारण तिला कोळसा लागत नाही.

आमचे खरे म्हणणे याहून साधे आहे. टंचाईच्या दिवसांत सर्वांनी थोडे थोडे सोसावे, हे न्याय्य आहे. 'अक्षय प्रकाश' योजनेत कित्येक गावांनी संध्याकाळी आपापले पंप स्वखुशीने बंद ठेवून घरांतले दिवे राखले, ते कोणाच्या धाकाने नव्हे. परंतु ज्या गळतीच्या नावाने आपणास वर्ग मिळतो, तिच्यात चोरीचा वाटा किती, लांबलचक जुन्या तारांचा किती, आणि मीटर नसलेल्या पंपांची वीज अश्वशक्तीवरून अंदाजाने मांडण्याचा किती, हे ज्याच्या घरी अंधार होतो त्याला कोणी दाखवीत नाही. तेव्हा दुधनीकरांनो, शेवटची सूचना एवढीच: आपल्या फिडरवर दरमहा किती युनिटे सोडली, कितींची बिले काढली आणि किती रक्कम वसूल झाली, या तीन गोष्टी माहितीच्या अधिकारात लेखी मागा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे, आणि अर्ज दिवसाउजेडी लिहून ठेवलेला बरा.