बालवाडीच्या बाई

तीन ते सहा वर्षांच्या पंचवीस-तीस मुलांना सकाळी ताब्यात घेऊन दुपारी तीच मुले, शक्यतो त्यांच्याच चपला पायात घालून, परत करणाऱ्या व्यक्तीला महाराष्ट्रात ‘बालवाडीच्या बाई’ म्हणतात. हुद्द्याचे नाव जागेप्रमाणे बदलते. जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर भरणाऱ्या शिशुवर्गात त्या ‘बाई’ असतात, अंगणवाडीत ‘ताई’, आणि गणवेशाला टाय असलेल्या शाळेत ‘टीचर’ किंवा ‘मॅम’. अंगणवाडीतही ‘मॅम’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे, पण तिथे तो मध्यम तीव्र कुपोषित बालकासाठी वापरतात. त्याहून अशक्त असेल ते ‘सॅम’. त्यामुळे ‘आमच्याकडे यंदा एकच मॅम आहे’ हे वाक्य दोन्हीकडे वेगळ्या अर्थाने, पण सारख्याच काळजीने उच्चारले जाते. या सगळ्या नावांखेरीज दिवसातून एकदा तरी कुणीतरी बाईंना चुकून ‘आई’ अशी हाक मारते. त्या हाकेमागे बहुधा नाक पुसायचे काम असते.

शैक्षणिक वर्षाची सुरुवात जून महिन्यात रडण्याने होते. रडणारी मुले ढोबळमानाने तीन जातींची. पहिली जात फाटकापासूनच आईच्या पदराला किंवा ओढणीला लटकून मोठ्याने रडते. ही सर्वांत सोपी, कारण आई दिसेनाशी झाली की चार मिनिटांत तिला घसरगुंडी दिसते. दुसऱ्या जातीला स्वतःचे असे दुःख नसते. शेजारचा रडतो आहे म्हणून ती साथीला बसते आणि मूळ गायक थांबला तरी थांबत नाही. तिसरी जात फसवी. हे मूल पहिले दोन दिवस हसत येते, सगळ्यांना टाटा करते, घरचे लोक कौतुकाने फोनाफोनी करतात. तिसऱ्या दिवशी ते असे काही रडते की वर्गच बसतो. शाळा ही एकदा जाऊन यायची गोष्ट नसून ती रोज असते, हे त्याला त्या सकाळी कळलेले असते. त्यावर बाईंकडेही उत्तर नसते. त्या त्याला कडेवर घेतात आणि खिडकीतून कावळा दाखवतात. कावळा नसेल तर रिक्षा दाखवतात.

या काळात बाईंची खरी झुंज मुलांशी नसून खिडकीशी असते. ‘जाते’ म्हणून गेलेली आई मागच्या खिडकीतून डोकावते, मूल नेमके तिकडेच पाहते, आणि अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात जाते. आजोबा याबाबतीत अधिक हुशार असतात. ते समोरच्या टपरीवर चहा घेत बसतात आणि वर्तमानपत्राला डोळ्यांपुरते भोक पडले आहे की काय अशी शंका यावी इतके स्थिर राहतात.

रडे ओसरले की नाडी, बटणे आणि करंगळी यांचे राज्य सुरू होते. एकाने करंगळी वर केली की ती पाहून दुसऱ्याला लागते, दुसऱ्याची पाहून पाचांना, आणि रांग लागेपर्यंत पहिल्याचे काम चड्डीतच झालेले असते. पावसाळ्यात याला रेनकोटांची जोड मिळते. तीस रेनकोटांपैकी वीसांवर एकच कार्टून असते आणि प्रत्येकावरचे नाव आतल्या बाजूला, धुवून पुसट झालेल्या शाईत. मधली सुट्टी वेळापत्रकात वीस मिनिटांची असते. त्यातली बारा डबे उघडण्यात जातात, कारण आईने झाकण सांडू नये म्हणून दाबलेले असते आणि मूल ते घेऊन थेट बाईंकडे येते. अनुभवी बाई अंगठ्यावरून ओळखाव्यात.

वर्ग गप्प करण्याची पारंपरिक आज्ञा ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आहे. ही आज्ञा शब्दशः पाळायची तर तीन हात लागतात. तरीही मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी ती विनातक्रार पाळली, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. नव्या बाई ओरडतात आणि जुलैअखेर खडीसाखर-लवंगेवर येतात. मुरलेल्या बाई आवाज खाली आणतात. इतक्या हळू बोलतायत म्हणजे नक्कीच आपल्यापासून काहीतरी लपवतायत, या खात्रीने वर्ग एकदम कान टवकारतो.

दुपारी घरी गेल्यावर ‘आज काय शिकवलं?’ असा प्रश्न येतो आणि मूल ‘काही नाही’ असे सांगते. उत्तर प्रामाणिक असते. त्याने सकाळभर मणी ओवले, मातीचे साप केले, चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकले, शेजाऱ्याचा झोका होईपर्यंत थांबले. यातले काहीही त्याला शिकण्यासारखे वाटत नाही. त्याच्या आईवडिलांनाही वाटत नाही. पालकसभेत मग विचारणा होते की पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत मुले शंभरपर्यंत अंक लिहितात, आपल्याकडे अजून चिंचोकेच का. वास्तविक उत्तर मनगटात आहे. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि पुढे एकेक करून हाड बनत जातात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली निम्मी तरी अजून मऊच असतात. शिवाय पेन्सिल तीन बोटांच्या चिमटीत धरावी लागते, आणि ती चिमूट चिंचोके उचलून, मणी ओवून, डाळ-तांदूळ निवडूनच तयार होते. बाई हे सगळे सभेत नीट समजावून सांगतात. पालक मान डोलावतात आणि जाताना विचारतात, ‘ते बरोबर आहे हो, पण ए-बी-सी-डी कधी?’

गोष्ट सांगणे हा बाईंच्या कामातला सर्वांत प्रतिष्ठित भाग असून त्यात सर्वांत जास्त धोका आहे. चिऊचे घर मेणाचे, काऊचे शेणाचे, पाऊस येतो, काऊ दार ठोठावतो आणि चिऊ आतून एकेक सबब सांगत त्याला ताटकळत ठेवते, ही गोष्ट वर्षाकाठी पन्नासदा तरी होते. पन्नासाव्या वेळी बाई घाईत असतात म्हणून बाळाला काजळ घालणे गाळतात. लगेच तीस गळे एकदम हरकत घेतात. काजळाशिवाय दार उघडता येत नाही. मुलांना गोष्ट ऐकायची नसते, ती बरोबर सांगितली जाते की नाही हे तपासायचे असते. दरवर्षी एखादे मूल असेही निघते की सगळा वर्ग चिऊच्या बाजूने असताना ते काऊसाठी रडू लागते. तो इतका वेळ भिजतोय आणि हिला पावडर लावायचे सुचतेय, हा त्याचा मुद्दा पुस्तकांतून अद्याप कुणी विचारात घेतलेला दिसत नाही. गाण्यांचीही तीच गत. पावसाला पैसा देऊ करून तो खोटा निघाल्याचे आनंदाने जाहीर करणारे गाणे शिकवल्यावर खरे बोलावे हा पाठ घ्यायचा असतो, आणि बाई तो घेतातही.

खरे बोलण्याच्या बाबतीत मुलांना शिकवावे लागत नाही, आवरावे लागते. बालवाडीच्या बाईंना गल्लीतल्या प्रत्येक घराची जेवढी माहिती असते तेवढी पोलीस ठाण्यातही नसेल. कुणाचे बाबा आजी झोपल्यावर ऑम्लेट खातात, कुणाच्या काकूने रुसून बॅग भरली, कुणाच्या घरी नवा टीव्ही आला पण शेजाऱ्यांना सांगायचे नाही, हे सगळे प्रार्थनेनंतरच्या दहा मिनिटांत, हात वर करून, पाळीपाळीने सांगितले जाते. ‘बाई, तुमचे केस पांढरे झाले. आमची आजीपण मेली’, असे एकाच दमात ऐकवले जाते. बाई हे सारे पोटात ठेवतात आणि पालकसभेत त्याच बाबांकडे पाहून शाकाहाराविषयी चकार शब्द काढत नाहीत. उलट बाईंविषयी मुलांची माहिती तुटपुंजी असते. बाई शाळेतच राहतात, रात्री बहुधा खेळण्यांच्या कपाटात झोपतात, असा सार्वत्रिक समज आहे. म्हणून रविवारी मंडईत हातात मेथीची जुडी घेतलेल्या बाई दिसल्या की मूल आईच्या मागे लपते. कपाटाबाहेर त्यांना कुणी सोडले, हे त्याला कळत नाही.

या पेशाची वंशावळ फार जुनी नाही. फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन गृहस्थाने १८४० साली आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग असे नाव दिले. त्याच्या मते मूल हे रोपटे आणि शिक्षक माळी. उपमा छान आहे. फक्त रोपटी चावत नाहीत. मारिया मॉंतेस्सोरी या डॉक्टरबाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले ‘बालघर’ उघडले आणि मुलांना त्यांच्या मापाच्या खुर्च्या दिल्या. तेव्हापासून जगभरच्या बाई त्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसत आहेत. आपल्या बाजूला गिजुभाई बधेका वकिली सोडून या कामात पडले. भावनगरला १९२० साली त्यांनी बालमंदिर काढले, आणि गुजरातने त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, ही पदवी बहाल केली. इतक्या मोठ्या पुरुषालाही शेवटी आईच व्हावे लागले, यावरून या खात्याचा कल ध्यानात येतो.

त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी ही बाग महाराष्ट्रात आणली. याच कामासाठी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला होता. १९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तिथे असे झाले की शाळा होती, बाई होत्या, मुले मात्र येईनात. घरात धाकटे भावंड सांभाळायचे, अंगणात कोंबड्या राखायच्या, त्यांना वेळ कुठला? तेव्हा मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, असे ठरले आणि ‘अंगणवाडी’ जन्माला आली. मॉंतेस्सोरीची महाग लाकडी साधने तिथे चालणार नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, खडे, पाने आणि बिया आल्या. पालकसभेत ज्यांच्यावर आक्षेप येतो ते चिंचोके असे थोर घराण्यातले आहेत. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. गुरे राखणारी मुले तरीही हाती लागेनात, म्हणून अनुताईंनी गुरांच्या मागोमाग कुरणात जाऊन ‘कुरणशाळा’ भरवली. वर्गातून उठून पळणाऱ्या मुलामागे धावणे हे बाईंचे आद्य कर्तव्य मानले जाते, त्याची ही शास्त्रोक्त आवृत्ती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द बोर्डीच्या अंगणातून थेट सरकारी कागदावर गेला. एकदा कागदावर गेल्यावर जे व्हायचे ते झाले. सेविकेच्या वाट्याला पूर्वशालेय शिक्षणाबरोबर पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या दवाखान्यात पाठवणे आणि आयाबायांना पोषणाचे धडे देणे अशा सहा सेवा आल्या. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ठरावीक उष्मांक आणि प्रथिने मिळावीत असा दंडक आहे. ती मिळतात, कधीकधी उसळीतली मटकी नाकात गेल्याने हिशेब जरा चुकतो. वजन घेताना मूल काट्याला लोंबकळत पाय झाडते, काटा बारा आणि पंधरा किलोंच्या मध्ये घड्याळाच्या लंबकासारखा फिरतो, आणि ताईंना त्यातला एक आकडा पकडून नोंदवहीत बसवावा लागतो. २०२१ मध्ये ही नोंद ‘पोषण ट्रॅकर’ नावाच्या ॲपवर गेली. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल सरकारलाच परत करण्याचे आंदोलन केले. हँडसेट चालत नसेल तर तो दप्तरासह घरी पाठवावा, ही बालवाडीचीच रीत.

एवढे करून ही नोकरी नव्हे, सेवा आहे, असे शासनाचे म्हणणे; सेविका ‘मानसेवी’ आणि मिळते ते वेतन नसून मानधन. या शब्दात मान आधी येतो आणि धन मागाहून. प्रत्यक्षातही क्रम तोच, मधले अंतर तेवढे महिन्यांचे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. निवृत्त होता येण्यासाठी आधी नोकरीत असावे लागते, ही गोष्ट त्यामुळे निदान कायद्याने स्पष्ट झाली.

डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन होते. त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एक मूल झाड असते, ते पहिल्या रांगेतल्या आजीला फांदी हलवून दाखवते, आणि बाकीचे नृत्य तिथेच थांबते.

एप्रिलअखेर मोठा गट पहिलीत जातो आणि बाई कपाट आवरायला घेतात. कपाटात मूल सापडत नाही, पण इतर बरेच सापडते. सरकारी मालकीच्या प्रत्येक वस्तूची जडसंग्रह नोंदवहीत नोंद असते आणि रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय तुटका झोकासुद्धा टाकता येत नाही. बिनधन्याच्या वस्तूंसाठी मात्र तक्ता नाही. त्यांची यादी बाई शेवटच्या पानावर स्वतःच करतात: वॉटरबॅगची झाकणे अकरा, रुमाल सात, चांदीचा असावा असा एक वाळा (पालकांना निरोप दिला, कुणी आले नाही), दुधाचा दात एक, कागदी पुडीत. डाव्या पायाचे बूट तीन, तिन्ही वेगळ्या मापांचे. ही तीन मुले एका बुटावर घरी पोहोचली, घरी कुणीतरी विचारलेही असेल, आणि त्यांनी ‘काही नाही’ म्हणून सांगितले असावे.