आधी साचा, मग सर्किट

ब्रेडबोर्डवर ५५५ टायमर लावून एक एलईडी लुकलुकवायचा, एवढाच बेत असतो. पण लॅमिंग्टन रोडवरून सामान घरी आलं की आधी ‘सोयी’ सुरू होतात. ७८०५ रेग्युलेटर लावून ५ व्होल्टचा पुरवठा, २.५४ मिलिमीटर अंतरावरच्या भोकांत तारा नेमक्या बसाव्यात म्हणून त्या वाकवायचा साचा, बोर्ड हलू नये म्हणून अ‍ॅक्रिलिकची पाटी. साच्यासाठी थ्रीडी प्रिंटर, प्रिंटरच्या दुरुस्तीसाठी आणखी एक हत्यारपेटी. मांडव असा सजतो की नवरदेवाची आठवणच राहत नाही. (पायाला रेझिस्टर आधीच जोडून ठेवलेला एलईडी मात्र खरंच कामाचा, त्याची थट्टा नाही.) एवढं करून दिवा पेटत नाहीच! बऱ्याच मोठ्या बोर्डांवर वीजपुरवठ्याची पट्टी मधोमध तुटलेली असते. तिथे बोटभर तार लागते. ती तेवढी आधी लावा.