हॉल्टवाले सत्कारणे

विमानाचं तिकीट काढताना चारचौघं भाडं बघतात, वेळ बघतात, सामान किती किलो नेता येईल ते बघतात. सत्कारणे मधला हॉल्ट बघतात. दीड तासाचा हॉल्ट असेल तर ते तिकीट त्यांच्या मनातून उतरतं. चार तासांचा म्हणजे धड ना इकडचा, ना तिकडचा. आकडा सातच्या पुढे सरकला की ते खुर्ची पुढे ओढतात. आणि थेट जाणारं विमान म्हणजे त्यांच्या मते उघडउघड फसवणूक. "एवढे पैसे मोजायचे आणि मध्ये काहीच नाही?"

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. पण "वेळ सत्कारणी लागला पाहिजे" हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणतात, की ह्यूस्टनच्या मराठी मंडळींनी त्यांचं बारसं पुन्हा केलं. शिवाय हे एका माणसाचं नाव नव्हेच, ही जात आहे. पुढची लोकल यायला दहा मिनिटं आहेत म्हटल्यावर दादरचा पूल उतरून कोथिंबिरीची जुडी घेऊन येणारा सत्कारणेच. दवाखान्यात नंबर लावून तेवढ्यात गिरणीतून दळण आणणारा सत्कारणेच. अक्षता पडल्या आणि पंगत बसायला अवकाश आहे, एवढ्यात बँकेत जाऊन पासबुक भरून येणाराही तोच. परदेशी गेला तरी तो बदलत नाही. फक्त पुलाच्या जागी खंड येतो.

या जातीत एक पोटजात आहे लाउंजवाल्यांची. क्रेडिट कार्ड दाखवून आत शिरायचं आणि पुढच्या विमानाची घोषणा होईपर्यंत खायचं. सत्कारणे त्यांच्याशी रोटीव्यवहार ठेवतात, बेटीव्यवहार नाही. "चीज आणि ऑलिव्ह काय, ह्यूस्टनलाही मिळतात," असं म्हणून ते बुटाची नाडी घट्ट करतात.

माचू पिच्चू बघायला आम्ही दोन कुटुंबं पेरूला निघालो, तेव्हा तिकिटांचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. तिथेच आम्ही सावध व्हायला हवं होतं. ह्यूस्टनहून लिमाला थेट विमान आहे. आमचं तिकीट मात्र मेक्सिको सिटीवरून निघालं, मध्ये आठ तास. "अहो, योग आहे योग!" ते म्हणाले. आणि खरं सांगायचं तर हॉल्टच्या शास्त्रात मेक्सिको सिटी हे फार वरच्या पायरीवरचं क्षेत्र आहे. एक तर बेनितो हुआरेझ विमानतळ गावाबाहेर नाही, गावातच आहे. मुख्य चौक तिथून पाच-सहा किलोमीटरवर. दुसरं, भारतीय पासपोर्टावर अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. आणि तिसरं कारण सत्कारण्यांना सर्वांत प्रिय. इथे नुसतं विमान बदलणाऱ्यालाही इमिग्रेशनच्या रांगेतून जावंच लागतं. "म्हणजे देशात शिरायचंच आहे. मग शिरून दारातच उभं राहायचं का?" या युक्तिवादाला उत्तर नसतं.

हॉल्टचं गणित त्यांनी विमानातच नॅपकिनवर मांडलं. आठ तास एकूण. त्यातून इमिग्रेशनची रांग वजा. पुढच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणाआधी तीन तास परत पोचायचं, ते वजा. जाण्यायेण्याचे दोन तास वजा. खाली जे दीड-दोन तास उरले, त्यांच्याभोवती त्यांनी चौकट काढली आणि चौकटीत सात ठिकाणं लिहिली. सौ. सत्कारण्यांनी ती यादी वाचली, घडी घातली आणि त्याच नॅपकिनला हात पुसले. वहिनींच्या तीस वर्षांच्या संसाराचं सार त्या एका कृतीत होतं.

इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने किती दिवस राहणार असं विचारलं. सत्कारणे म्हणाले, "चार तास." त्याने मान वर करून बघितलं. मेक्सिकोत पर्यटकाला जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं हे सत्कारण्यांना पाठ होतं. तिथून बाहेर पडताना ते खिन्न होते. "एकशे ऐंशी दिवसांचा हक्क, आणि आपण वापरणार चार तास. बाकीचं सगळं वाया."

सामान आम्ही लॉकरमध्ये टाकलं. आता टॅक्सी करावी अशी सूचना मी मांडली, ती बिनविरोध नामंजूर झाली. विमानतळावरून मेट्रोबस थेट जुन्या शहरात जाते, पण तिला ३० पेसो. मेट्रोला ५. पंचवीस पेसोंचा फरक चार माणसांनी गुणल्यावर सत्कारण्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते बघून आम्ही मुकाट्याने तेर्मिनाल आएरेआ स्टेशनाच्या पायऱ्या उतरलो. गावात जायचं म्हणून आधी गावाच्या उलट दिशेला पान्तित्लानपर्यंत जायचं, तिथे पाच नंबरची पिवळी लाइन सोडून एक नंबरची गुलाबी पकडायची, मग पिनो सुआरेझला उतरून दोन नंबरची निळी, आणि एक स्टेशन पुढे सोकालो. पान्तित्लानला चार लाइनी एकत्र येतात आणि त्या चारही लाइनींची माणसं एकाच जिन्यावर असतात असं वाटतं. सत्कारणे मात्र तिथे घरच्यासारखे वावरले. ज्याने संध्याकाळी सहाला दादरला गाडी बदलली आहे, त्याला जगात कुठेच गर्दी लागत नाही. या मेट्रोच्या बहुतेक गाड्या रबरी टायरांवर धावतात आणि प्रत्येक स्टेशनाला नावाबरोबर एक चित्रही दिलेलं आहे. १९६९ साली मेट्रो सुरू झाली तेव्हा ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचीही त्या चित्रांनी सोय झाली. आमचीही झाली.

पिनो सुआरेझला गाडी बदलायला बोगद्यातून चालताना अचानक वर आकाश दिसतं आणि खाली एक गोल दगडी चौथरा. हे वायुदेव एहेकात्लचं आस्तेक काळातलं स्थान. १९६७ साली मेट्रोचं खोदकाम करताना ते सापडलं, आणि मेक्सिकोच्या लोकांनी ते उचलून संग्रहालयात न नेता स्टेशन त्याच्याभोवती बांधलं. रोजचे प्रवासी त्याच्या बाजूने मोबाइल बघत निघून जातात. सत्कारणे थबकले. यादीत नसलेली गोष्ट, आणि तीही मेट्रोच्या तिकिटात! "पाच पेसोंत देवदर्शन," ते म्हणाले आणि चपला न काढता नमस्कार करून पुढे झाले.

सोकालो हा मुख्य चौक म्हणजे अवाढव्य फरसबंद मैदान. मधोमध प्रचंड झेंडा, एका बाजूला राष्ट्रपतींचा प्रासाद, दुसऱ्या बाजूला कॅथीड्रल. आत सावलीला झाड नाही. झेंड्याच्या खांबाची सावली जिथे पडते तिथे माणसं एकामागे एक उभी राहतात, आणि सावली सरकली की तीही सरकतात. वहिनींनी दुसरं काही बघायच्या आधी ती सावली हेरली आणि एका शाळकरी पोराच्या मागे नंबर लावला. "तुम्ही या बघून," त्या म्हणाल्या.

कॅथीड्रलचं बांधकाम १५७३ मध्ये सुरू झालं आणि १८१३ मध्ये संपलं. दोनशे चाळीस वर्षं. सत्कारण्यांनी त्याला बारा मिनिटं दिली. आत घुमटातून एक लांब ओळंबा सोडलेला आहे, इमारत कशी आणि किती कलत गेली ते त्यावरून कळतं. हे शहर मुळात तलावातल्या बेटावर वसलेलं. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी आस्तेकांचं तेनोच्तित्लान जिंकलं, पुढे तलाव आटवला आणि त्या चिखलावर भारी भारी दगडी इमारती उभ्या केल्या. आता जमिनीखालचं पाणी उपसलं जातं आणि शहर खाली खाली चाललंय. मी हे सगळं समजावून सांगितलं. सत्कारणे गंभीर झाले. "म्हणजे पुढच्या खेपेला हे आणखी खाली गेलेलं असणार. बरं झालं आत्ताच आलो."

शेजारीच तेम्प्लो मायोर, आस्तेकांचं मुख्य देऊळ. १९७८ च्या फेब्रुवारीत वीज कंपनीचे कामगार रस्ता खणत होते, तेव्हा त्यांना कोयोल्शाउकी या चंद्रदेवीची भलीमोठी गोल शिळा लागली. मग आसपासच्या इमारती पाडून अख्खं देऊळ उकरून काढलं. तिकीट काढून आत जायला वेळ नव्हता, म्हणून सत्कारण्यांनी ते बाहेरच्या कठड्यावरून बघितलं आणि यादीवर बरोबरची खूण केली. मी आक्षेप घेतला. "पंढरपूरला कळसाचं दर्शन चालतं ना?" ते म्हणाले.

सगळा कार्यक्रम त्यांना पळत उरकायचा होता. पण मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २२४० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा जवळजवळ सहाशे मीटर उंच. चौथ्या ठिकाणी सत्कारण्यांचा श्वास लागला आणि त्यांनी एका कोपऱ्यावर बसलेल्या बाईच्या तव्याचा आधार घेतला. ती निळ्या मक्याच्या पिठाचा गोळा घेऊन त्यात वाटलेले घेवडे भरत होती, तळव्यांवर थापून त्याला होडीचा आकार देत होती, आणि तेल न घालता थालिपीठासारखं खरपूस भाजत होती. वर काटे काढलेल्या निवडुंगाच्या शिजवलेल्या पट्ट्या, कांदा, किसलेलं पांढरं चीज आणि हिरव्या मिरचीची चटणी. याला त्लाकोयो म्हणतात. सत्कारणे शाकाहारी आहेत, पण प्रवासात फार खोलात चौकशी न करणाऱ्यांपैकी. तोवर सावली सोडून येऊन मिळालेल्या वहिनी मात्र चौकशी करतात. घेवड्यात डुकराची चरबी नाही ना, हे त्यांनी तळवे हलवून आणि नाकाचा आवाज काढून असं काही विचारलं, की ती बाई हसून हसून लाल झाली, आणि शपथेवर 'नाही' म्हणाली. सत्कारण्यांनी या थांब्याला पाच मिनिटं दिली होती. तीन त्लाकोयो खाऊन झाल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं नाही. बघितलं ते मी.

मग मी माझं घोडं पुढे दामटलं. कॅथीड्रलच्या मागे उत्तरेला थोडं चालून गेलं की शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत लागते. तिच्या चौकांभोवतीच्या भिंती दिएगो रिव्हेराने १९२३ ते १९२८ या काळात रंगवल्या. वरच्या मजल्यावर 'आमची भाकरी' नावाचं चित्र आहे. मेजाभोवती कष्टकऱ्यांचं कुटुंब बसलंय, आणि मेजाच्या मुख्य जागी बसून भाकरी मोडतोय तो माणूस आहे वर्ध्याचा. पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतला क्रांतिकारक, इंग्रजांना हवा असलेला, अमेरिका, इराण, जर्मनी असा फिरत फिरत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचला. चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागला, मक्यावर आणि गव्हावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. मराठीत वीणा गवाणकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं आहे.

सत्कारणे चित्रासमोर उभे राहिले. यादीत या जागेला चार मिनिटं होती.

"इथे किती वर्षं होते म्हणालात?"

"तीसेक."

"आणि जायचं कुठे होतं?"

"भारतात. इंग्रज जाऊ देत नव्हते."

सत्कारण्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तीस वर्षांचा हॉल्ट," ते हलकेच म्हणाले. "आणि माणसाने एक दिवस वाया घालवला नाही हो." त्या आवाजात जो आदर होता, तो मी त्यांच्या तोंडून ना बँकेच्या व्याजदराबद्दल ऐकला आहे, ना कुठल्या संतांबद्दल. आपल्या पंथाचा मूळ पुरुष त्यांना भेटला होता.

परतीची धावपळ सांगण्यात अर्थ नाही. पान्तित्लानच्या जिन्यावर आम्ही एकदा वहिनींना हरवलं आणि वहिनींनी आम्हाला शोधलं. विमान मिळालं.

पुढे आम्ही माचू पिच्चू बघितलं. त्यासाठी वेळ राखून ठेवलेला होता, वाटाड्या ठरलेला होता, पैसे आगाऊ भरलेले होते. ढग बाजूला झाले आणि सगळे "आहाहा" म्हणाले. सत्कारणेही म्हणाले, पण आपली पाळी आली म्हणून म्हटल्यासारखं. थोड्या वेळाने ते एका इंका भिंतीला टेकून चक्क जांभई देताना दिसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा माणूस वेळेचा कंजूष नाहीच. नेमून दिलेल्या वेळेत त्याला गोडी नाही, इतकंच. सुट्टी ही त्याच्या लेखी कचेरीच. हजेरी लावायची आणि सुटायचं. त्याचा जीव रमतो तो कुणाच्याच हिशेबात नसलेल्या, दोन विमानांच्या फटीत सांडलेल्या वेळेत. तिथे बारा मिनिटांचं कॅथीड्रलसुद्धा वरकमाई असते.

परत आल्यावर मंडळात त्यांनी या सहलीवर भाषण केलं. माचू पिच्चूला दोन स्लाइडी. मेक्सिको सिटीला बासष्ट, त्यातल्या अकरा त्लाकोयोच्या. समारोपानंतर एका नवख्या तरुणाने उठून नम्रपणे विचारलं, "काका, पण लिमाला थेट विमान आहे ना? त्यात सगळे मिळून आठ तास वाचतात."

सत्कारण्यांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "वाचतात रे," ते म्हणाले, "पण ते घरी आणून करायचं काय?"