टॉमसच्या भावंडांचा माग

इंग्लंडातल्या कुठल्याही काउंटी रेकॉर्ड ऑफिसात सकाळी दार उघडायच्या वेळेला गेलात, तर हा गृहस्थ पायरीवर आधीच उभा असतो. नोकरीतून निवृत्त, साठी ओलांडलेला, अंगात बायकोने दोनदा टाकून द्यायला काढलेला स्वेटर आणि खिशात टोक केलेल्या दोन पेन्सिली. आत शाईला बंदी. पेन, पिशवी, पाण्याची बाटली, सँडविच, सगळं लॉकरात ठेवायचं. आयुष्यभर साहेबाचे नियम कुरकुरत पाळलेला हा माणूस इथले नियम इतक्या भक्तिभावाने पाळतो, की नवख्याने खिशातून बॉलपेन काढलं तर अभिलेखपालाच्या आधी याचाच घसा खाकरतो.

त्याला राजघराण्याशी नातं जोडायचं नसतं. तसल्या लोकांची जात वेगळी. ते एका संध्याकाळी संगणकापुढे बसतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत विजेत्या विल्यमचे वंशज होऊन उठतात. आपला गृहस्थ त्यांना पंगतीला बसवत नाही. त्याला हवा असतो एक शेतमजूर. नाव समजा टॉमस, गाव नॉरफकमधलं, काळ 1770 च्या आसपासचा. आणि खरं सांगायचं तर आता टॉमसही नको असतो. टॉमस केव्हाच सापडला. हवी असतात टॉमसची भावंडं.

हा हट्ट दिसतो तेवढा खुळा नाही. गरीब माणूस चर्चच्या दप्तरात तीनच ओळींपुरता उरतो: बाप्तिस्मा, लग्न, दफन. सहीच्या जागी फुली. आता त्याच गावात दोन टॉमस निघाले आणि दोघांच्याही बापाचं नाव जॉन असलं, तर आपला कोणता? टॉमस स्वतः काही बोलत नाही. बोलतात ती भावंडं. एखादी अविवाहित बहीण मृत्युपत्रात भाच्या-पुतण्यांची नावं लिहून जाते, एखादा भाऊ लग्नात साक्षीदार म्हणून फुली मारतो. शिवाय मुख्य गोष्ट म्हणजे, ज्या टॉमसच्या दफनाची नोंद दुसऱ्याच वर्षी मिळते, तो कोणाचाही खापरपणजोबा होऊ शकत नाही. असे कित्येक पूर्वज या मंडळींच्या वंशावळीत मेल्यानंतर लग्न करून सुखाने नांदताना दिसतात.

या सगळ्या उद्योगाचा आद्य पुरुष टॉमस क्रॉमवेल. आठव्या हेन्रीच्या या कारभाऱ्याने 1538 साली फर्मान काढलं, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. दर रविवारी नोंदी करायच्या, वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, कसूर झाली तर तीन शिलिंग चार पेन्स दंड. रयतेला वाटलं, नवा कर येतोय. पाद्रीबुवांना वाटलं, नवं काम आलं. दोघांच्या मिळून जेवढ्या उत्साहाची अपेक्षा करावी, तेवढ्याच उत्साहाने नोंदी झाल्या. पुढे 1598 साली हुकूम आला, की कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवून घ्या, विशेषतः राणी एलिझाबेथ गादीवर आल्यापासूनच्या. हा ‘विशेषतः’ वाचून अनेक पाद्र्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि 1558 च्या आधीची पानं उतरवलीच नाहीत. आपला गृहस्थ सवाचारशे वर्षांपूर्वीच्या या आळसाबद्दल असं बोलतो, जणू त्या पाद्र्याने काल याच्याकडूनच उसने पैसे नेले.

कोणी जरा कान दिला की तो शेक्सपिअरच्या घरात शिरतो. नाटकं त्याने शाळेनंतर वाचलेली नसतात, भावंडं मात्र तोंडपाठ. स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये 15 सप्टेंबर 1558 ला जोनचा बाप्तिस्मा झाला. मग मार्गारेट, ती पाच महिन्यांत गेली. 26 एप्रिल 1564 ला विल्यम. त्याच्यामागून गिल्बर्ट. आणि 1569 मध्ये पुन्हा जोन! पहिल्या जोनच्या दफनाची नोंद नाही. पण जिवंत मुलीचं नाव दुसरीला कोण देईल, म्हणून अभ्यासकांनी थोरल्या जोनला निव्वळ तर्काने पुरलं. इथे गृहस्थ थांबतो आणि समोरच्याकडे बघतो. समोरच्याने ‘वा’ म्हणायचं असतं.

गिल्बर्टचं प्रकरण त्याहून रंगतदार. त्याच्या दफनाच्या नोंदीत लॅटिनमध्ये ‘अ‍ॅडोलेसेन्स’, म्हणजे तरुण, असं लिहिलंय. गिल्बर्ट तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता! मग हा त्याचा मुलगा, की कारकुनाच्या लेखी अविवाहित माणूस कायमच तरुण? यावर पूर्वी पुष्कळ शाई सांडली आहे. भरीला तारीख: वहीतलं साल 1611, आपल्या हिशेबाने 1612. कारण 1752 पर्यंत इंग्लंडात कायद्याने नवं वर्ष 25 मार्चला लागायचं आणि फेब्रुवारी महिना जुन्याच सालात मोजला जायचा. धाकटा एडमंड लंडनला जाऊन नट झाला. त्याच्या तान्ह्या मुलाच्या 1607 च्या दफनात क्रिपलगेटच्या कारकुनाने बाळाचं नाव एडवर्ड आणि बापाचंही एडवर्ड लिहून ठेवलं. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी एडमंडलाही सदर्कच्या चर्चमध्ये पुरलं. खुद्द शेक्सपिअरच्या सख्ख्या भावाची ही गत, तर नॉरफकच्या शेतमजुराला कोण विचारतो!

मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देण्याची रीत या माणसाच्या घरातल्या संभाषणावरही परिणाम करून जाते.

“अगं, एलिझाबेथ सापडली!”

“कुठली?”

“दुसरी. पहिली दोन वर्षांची होऊन गेली. तिसरीचं अजून कळत नाही.”

बायको पूर्वी ‘अरेरे’ म्हणायची. आता ती भाजी ढवळत राहते. इतिहासकार एडवर्ड गिबनने तर आठवणींत लिहूनच ठेवलंय, की त्याची प्रकृती इतकी नाजूक होती, की थोरला गेला तरी घराण्यातलं नाव टिकावं म्हणून बापाने धाकट्या भावांनाही एडवर्डच नाव दिलं. गंमत अशी, की धाकटे सगळे बालपणीच गेले आणि हा नाजूक एडवर्ड रोमन साम्राज्य बुडवायला उरला.

घरातलं जेवणाचं टेबल आता जेवणासाठी नसतं. त्यावर भिंतीचा कागद उलटा पसरलेला, आणि त्यावर पेन्सिलीने भावंडांची रांग: 1764, 1766, 1769, 1771, आणि मग एकदम 1777. गृहस्थाची झोप उडवतो तो हा सहा वर्षांचा खड्डा. आई अंगावर पाजायची त्या काळात दोन-अडीच वर्षांनी मूल व्हायचं, मग मधलं मूल गेलं कुठे? शेजारच्या गावात आजोळी बाप्तिस्मा झाला असेल. बाप्तिस्म्याआधीच गेलं असेल, मग नोंदच नाही. घरचे बॅप्टिस्ट झाले असतील, ते तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतच नाहीत. की ते पान उंदराने खाल्लं? प्रत्येक शक्यतेसाठी शेजारची चार चर्चं पालथी घालायची. आणि नॉरफकमध्ये मध्ययुगीन चर्चंच साडेसहाशेच्या घरात. त्याला वाईट वाटत असेल असं समजू नका. चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानाची लगबग असते.

कधीकधी एकाच दिवशी एकाच जोडप्याच्या पाच मुलांचा बाप्तिस्मा सापडतो. पाचही जुळी नव्हेत. सरकारने ऑक्टोबर 1783 पासून प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसवला, त्याआधी सगळी पोरं उरकून घेतलेली. कर गोळा करणाऱ्या पाद्र्याला पौंडामागे दोन शिलिंग दस्तुरी होती. भिकाऱ्याला करमाफी होती, म्हणून अनेक गावांत अचानक गरिबी वाढलेली दिसते. 1794 मध्ये कर उठला.

याच काळात यॉर्कशायरात विल्यम डेड नावाचा एक पाद्री होऊन गेला. त्याने नोंदीत मूल कितवं, आईचं माहेर कुठलं, दोन्हीकडचे आजोबा कोण, हे सगळं लिहायची पद्धत सुरू केली. यॉर्कच्या आर्चबिशपने ती उचलून धरली, आणि कामाच्या बोजाने बाकीचे पाद्री वैतागले. आपला गृहस्थ डेडचं नाव निघालं की टोपी काढतो. पण त्याचे पूर्वज यॉर्कशायरचे नाहीत, हे आतून त्याला बरंच वाटतं. ‘तिसरा मुलगा’ असं सरळ लिहिलेलंच मिळालं, तर दर मंगळवारी करायचं काय? 1813 पासून छापील फॉर्म आले, 1837 च्या जुलैपासून सरकारी जन्ममृत्यू नोंदणी आली, आणि तिथून पुढच्या पूर्वजांबद्दल तो जरा तुटकच बोलतो. सगळं नीट लिहून ठेवणाऱ्या कारकुनात त्याला रस नाही. त्याची खरी दोस्ती त्या 1750 च्या कारकुनाशी आहे, ज्याने बाईचं नाव विसरल्यावर तिथे नुसती रेघ ओढली. त्याला शिव्या दिल्याशिवाय याला चहा गोड लागत नाही.

एखादा भाऊ मात्र कुठल्याच गावात पुरलेला नसतो. तो कंपनीच्या पलटणीत भरती होऊन निघून गेलेला असतो. मग गृहस्थ लंडनला ब्रिटिश लायब्ररीत जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या चर्चमधल्या नोंदींच्या प्रती तिथे आहेत, मुंबईच्या तर 1709 पासूनच्या. भाऊ तापाने मुंबईत गेल्याचं कळलं, की त्याच्या आनंदाला पारावार राहत नाही. आणि मग शेजारच्या मराठी डॉक्टरबाईंची पाळी येते. “तुम्ही तिकडच्याच ना? ‘टॅना’ आणि ‘किर्की’ तुमच्या घरापासून किती लांब?” ठाणे आणि खडकी हा उलगडा होईपर्यंत बाईंची बस निघून जाते. पुढच्या वेळी माहेरी जाल तेव्हा थडग्यावरची पाटी वाचून या, अशी विनंतीही असते. नाही कसं म्हणणार? बाई ‘बघते’ म्हणतात. त्यातला अर्थ मराठी माणसाला कळतो, इंग्रजाला नाही.

या गृहस्थाची टिंगल सोपी आहे. पण इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास आज ठाऊक आहे तो याच्या भाऊबंदांमुळे. 1964 मध्ये केंब्रिजच्या अभ्यासकांनी एक गट स्थापला आणि गावोगावच्या हौशी मंडळींना हाक घातली. त्यांनी मोजून दिलेल्या 404 पॅरिशांच्या आकड्यांवर रिग्ली आणि स्कोफील्ड यांचा 1541 ते 1871 या काळाचा लोकसंख्येचा ग्रंथ 1981 मध्ये उभा राहिला. त्याआधी 1966 साली रिग्ली यांनी डेव्हनमधल्या कॉलिटन गावची कुटुंबं अशीच जुळवून, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली जोडपी जाणूनबुजून मुलं कमी होऊ देत होती, असा निष्कर्ष काढला. आधार भावंडांमधल्या अंतरांचा. टेबलावरच्या कागदावरचे खड्डे म्हणजे काही अगदीच रिकामपणाचे उद्योग नव्हेत.

त्याच्या वंशावळीचा तो कागद कधी बघायला मिळालाच तर एक गोष्ट नजरेत भरेल. जवळजवळ प्रत्येक भावंडाच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘बहुधा’ लिहिलेलं आहे. विल्यम ‘बहुधा’, पहिली एलिझाबेथ ‘बहुधा’, मुंबईचा भाऊ ‘जवळपास नक्की’. पाहुण्यांना ते लाजिरवाणं वाटतं, त्यांच्याकडे सोनेरी चौकटीतली, विजेत्या विल्यमपर्यंत एकदाही न अडखळता पोचलेली वंशावळ असते. दोन्हींपैकी कुठल्या कागदावर विश्वास ठेवायचा असं कोणी विचारलं, तर डोळे झाकून पेन्सिलवाला निवडावा.