‘सिस्टर’ या संज्ञेबाबत खुलासा

तीर्थरूप आईस,
क्रॉयडन येथील कुटुंबाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

वाईच्या आळीत ‘दोन्ही नाती सिस्टर झाल्या’ असे जे सांगितले जात आहे, त्यात संज्ञेची गल्लत आहे. महाराष्ट्रातील रुग्णालयांत प्रत्येक परिचारिकेस ‘सिस्टर’ आणि पुरुष परिचारकास ‘ब्रदर’ अशी हाक मारतात. इंग्लंडमध्ये मात्र ‘सिस्टर’ हे पद असून ते संपूर्ण वॉर्ड सांभाळणाऱ्या अनुभवी परिचारिकेस मिळते, आणि त्याआधी तीन वर्षांची पदवी, तीत २,३०० तास अध्ययन व २,३०० तास प्रत्यक्ष काम, शिवाय ‘स्टाफ नर्स’ म्हणून काही वर्षांची नोकरी, एवढे पार पाडावे लागते. सबब थोरली व धाकटी या तूर्त केवळ जन्माने सिस्टर आहेत.

दोघींनी स्वातंत्र्यासाठी वेगळे बिऱ्हाड केले आहे. रात्री अकरानंतर ‘कुठे आहेस?’ असे कोणी न विचारणे, ही त्यांची स्वातंत्र्याची व्याख्या. परंतु ‘लाँग डे’, म्हणजे सुमारे बारा तासांची दिवसपाळी, करून आल्यावर दोघी साडेनऊलाच झोपी जातात, आणि हे स्वातंत्र्य दर रविवारी धुण्याची पिशवी घेऊन क्रॉयडनला जेवायला येते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली, तेव्हा मेट्रन, म्हणजे मुख्य अधिसेविका, श्रीमती वॉर्डरोपर प्रत्येक उमेदवार मुलीच्या वक्तशीरपणाची, शांतपणाची, विश्वासूपणाची व टापटिपीची नोंद ठेवीत. ती वही आता इतिहासजमा झाली असली, तरी थोरलीने धाकटीपुरती ती तोंडी चालू ठेवली असून ‘शांतपणा’ या रकान्यात, फोनमुळे, धाकटी सतत नापास होते.

त्या फोनचे कारण असे. धाकटीचे मन ज्याच्यावर जडले आहे, तो तिच्याच वर्गातील, आयर्लंडहून आलेला मुलगा आहे. येथे कामाच्या वेळापत्रकास ‘ऑफ ड्यूटी’ म्हणतात (नाव सुटीचे, मजकूर कामाचा, इंग्रजांच्या बऱ्याच गोष्टी अशाच), आणि त्यात त्याला रात्र लागली की हिला हमखास दिवस लागतो. त्यामुळे भेट होते ती ‘हँडओव्हर’च्या वेळी, म्हणजे संपणारी पाळी येणाऱ्या पाळीला रुग्णांची माहिती सांगते तेव्हा, आणि त्या प्रेमालापात सहा नंबरच्या खाटेवरील आजोबांना लघवी किती झाली, याचाच भाग मोठा असतो. थोरलीचे प्रेम सध्या झोपेवर आहे, आणि ते एकतर्फी आहे.

मुलगा सुस्वभावी असून पिठलेभाकरी खातो. डिसेंबरात तो या कुटुंबासमवेत वाईस येईल. पुढेमागे बढती मिळाल्यास तो ‘चार्ज नर्स’ म्हणविला जाईल, हे आळीत अवश्य सांगावे, मात्र तेथील रिवाजानुसार त्याला कोणी, विशेषतः धाकटीच्या देखत, ‘ब्रदर’ अशी हाक मारू नये, एवढी व्यवस्था व्हावी.

कळावे, आशीर्वाद असावेत.