आदळाग्रह, बशीकरण वगैरे

“काऊन वं, काल रात्री तुमच्या न्हानीत बँड वाजून राहिला होता का?”

वालाच्या वेलाआडून काकूंचा आवाज आला. वडशात आमच्या वार्डातलं कुंपण म्हणजे चार काटक्या आणि हा वेल. इकडं भांडं पडलं की तिकडं त्याचं कारणसुद्धा पोचतं. लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, “बँड नाही काकू, आदळाग्रह होता.”

“हे कोनतं नवीन?”

“सत्याग्रहाची धाकटी पाती. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, पण ताटं अशी आपटायची की ओसरीत मोबाइल बघणाऱ्याला एकेक ताट सुटं ऐकू आलं पाहिजे.”

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. सूप खाली आलं म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती.

“माह्याकडं तं बशीकरन चालते,” त्या म्हणाल्या. “सून गोड बोलते. ‘आई, तुमच्या हातची चमक कोनालेच जमत नाही.’ झालं! कपबशा माह्यापुढं.”

हा शब्दांचा नाद आमच्या घरी मंडईपासून लागलेला. दिवाळी झाली, धान हाती यायला लागलं की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. कुठं दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक ठरलेलं. पाहुण्यांनी घर भरतं. नाटक उशिरा उभं राहतं ते उजाडेपर्यंत चालतं, त्यामुळे जेवणं आटपली की सगळ्यांना एकच घाई, पुढची जागा धरायची. मागं उरतो भांड्यांचा ढीग. वडसा म्हणजे या नाटकांचं माहेर, मंडळांच्या कचेऱ्या इथंच. पण मंडईच्या रात्रीचा पहिला अंक मांडवात नाही, न्हाणीच्या दगडावर होतो.

यंदा वडे टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलात तळले होते. रात्री हे म्हणाले, “राहू दे, भिजू दे. सकाळी पाहू.” ‘पाहू’ म्हणणारे सकाळी पाहतातच, घासत नाहीत. थंडीनं तेल थिजलेलं, गंजाला, म्हणजे आमच्या मोठ्या पातेल्याला, आतून पांढुरका थर. नखानं ओढलं तर रेघ उमटायची, आणि थंड पाणी त्यावरून नुसतं घरंगळून जायचं. शेवटी कढत पाणी आणि चुलीतली राख. राखेतला खार चिकटाला भिडला की साबणासारखंच काम करतो, म्हणून तर साबण संपला तरी अडत नाही. हात कोपरापर्यंत राखेत असताना मी या प्रकाराचं बारसं केलं: भिजतगंज. घोंगडं जसं भिजत पडतं, तसा.

“आनखी सांग,” काकू.

“ताटातूट. प्रत्येकानं फक्त आपलं ताट धुवायचं आणि साळसूदपणे निघून जायचं. परात, कढई, सराटा कुणाचेच नसतात.”

“हव! आन् तो फोन? भांडे निंगाले का आमच्या पोराले फोन येतेच.”

“खरकटफोन.”

काकू खुदकन हसल्या. मग आम्ही दोघी सुटलोच. कुणी काय घासायचं याची बोलणी त्या वाट्याघाटी. ‘मी ताटं घासतो, तू कढई घे’ ही घासाघीस. हा शब्द तर आयताच मिळाला. दुसऱ्यानं घासलेलं भांडं डोळ्यांसमोर धरायचं, तोंड वाकडं करायचं आणि पुन्हा पाण्याखाली घालायचं, ती फेरघासणी. यात आमच्या सासूबाईंचा हात कुणी धरणार नाही. आणि जिच्या वाट्याला हे सगळं भांडवल येतं, ती भांडवलदार. नफा मात्र घरभर वाटला जातो.

एवढ्यात ओसरीवरून काका आले. निवृत्त मास्तर; शब्द ऐकू आला की चष्मा लावतात. म्हणाले, “हसू नका. शब्द घडवनं मोठं काम आहे. महाराजांनी रघुनाथपंत हनमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारशी शब्दांना आपले शब्द दिले. सावरकरांनी दिनांक दिला, महापौर दिला…”

“मंग त्यायच्या घरचे भांडे कोन घासत होतं?” काकूंनी विचारलं.

मास्तर चष्मा पुसू लागले.

मी जरा तेल ओतलं. म्हटलं, “काका, सरकारनं हिशेब केलाय. २०१९ साली देशभर पाहणी झाली, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची. घरकामात हात घालणारे पुरुष शंभरात २६, बायका ८१. आणि जे हात घालतात, त्यांच्यातही बाईची दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषाची ९७.”

“म्हंजे पाच घंटे!” काकूंनी बोटं मोडली. “कुरखेड्याकडच्या परशुराम खुण्यायले नाटकासाठी २०२३ साली पद्मश्री भेटली, लय आनंद झाला. पन रात्री नाटक पाहून पहाटे गंज घासनारीले कोन काय देते?”

यावर काय बोलणार? खरं म्हणजे शब्दांचा उपयोग इथंच. ‘तुम्ही कधी घासत नाही’ म्हटलं की तुंबळ होतं, माहेर-सासरचा उद्धार होतो. ‘भिजतगंज झाला बरं का’ म्हटलं की समोरचा आधी हसतो, आणि हसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. नाव पडलं की काम दिसायला लागतं; दिसायला लागलं की ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय जाते.

मास्तरांना हे पटलं असावं, किंवा शब्दांच्या खेळात मागं राहणं सोसवेना. म्हणाले, “मीही एक देतो. पुरुषानं जन्मात पहिल्यांदा उष्टं भांडं घासलं, तर त्याला म्हनावं उष्टावन!”

“वा जी वा,” काकू म्हणाल्या, “लेकरू सहा महिन्याचं उष्टावते, तुमी सत्तरीत. या इकडं.” आणि काराभोर गंज, वर राखेचं टोपलं, दोन्ही त्यांच्यापुढं सरकवलं. मास्तर धोतर सावरत बसले. घासलाही बऱ्यापैकी. काकूंनी फेरघासणी केली, पण आम्ही तिकडं न पाहिल्यासारखं केलं.

त्याच दिवशी काकूंनी कुंपणावर कायदा केला: ज्यानं शब्द काढला, त्या दिवशीचे भांडे त्याच्याकडं. तेव्हापासून दोन्ही घरांतल्या पुरुषांची प्रतिभा आटली आहे. परवा काकांना विचारलं, “काही नवीन सुचलं का जी?”

आवाज उतरवून म्हणाले, “सुचले आहेत दोन. पन घरात पाहुने आहेत. ते जाऊ दे, मग सांगतो.”