डेडस्टॉक गुरुजी

जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत एक लोखंडी कपाट असतं आणि त्या कपाटाच्या चावीला एक मुख्याध्यापक जोडलेले असतात. यांना आपण डेडस्टॉक गुरुजी म्हणू. अक्षर सुरेख, स्वभाव गरीब, निवृत्ती जवळ आलेली. वाघाला भिणार नाहीत, पण 'वसुली' म्हटलं की घाम फुटतो.

शाळेत टॅब आले त्या दिवशी गुरुजींनी नारळ फोडला, खोक्यांना हार घातला, फोटो केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. मग एकेक क्रमांक डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढवला आणि टॅब कपाटात. ''पोरांच्या हातून काच फुटली तर भरून कोण देणार?'' या प्रश्नाला कुठल्याही प्रशिक्षणात उत्तर मिळालेलं नाही, हे गुरुजींच्या बाजूने मान्य करायलाच हवं.

टॅब मागितले कुणी होते? चौथीच्या सरांना प्रिंटर हवा होता. तिसरीच्या बाईंना मोठ्या आवाजाचा स्पीकर. पोरांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी पंखा मागितला असता. मागणीचा तक्ता आला होता म्हणा, पण टॅब आल्यानंतर.

निवडीच्या स्वातंत्र्याला गुरुजींचा विरोध नाही. ''बाई, तुम्ही काहीही निवडा की! फक्त कपाटातलं सोडून.''

मग बाई स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करतात. दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ सुरू होईपर्यंत पाढे म्हणून होतात. हे क्यूआर कोड पुस्तकांना जोडायची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी राबवली. त्यांना ती सुचली, म्हणून त्यांनी करून पाहिली. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा गुरुजींनी ती बातमी परिपाठात भरल्या गळ्याने वाचली. शिक्षकानं असं स्वतः होऊन काही करावं, म्हणाले. बाईंनी लगेच चावी मागितली. ''एवढं ऑडिट होऊ द्या,'' गुरुजी म्हणाले.

कपाटात टॅबच्या शेजारी एक प्रोजेक्टरही आहे. गावाने लोकवर्गणीतून घेतलेला. त्याचा दिवा कधीच गेला. पण निर्लेखन झाल्याशिवाय डेडस्टॉकची वस्तू टाकून देता येत नाही, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव पंचायत समितीत पडून आहे. त्यामुळे बंद पडलेलं यंत्र आणि कधी सुरूच न झालेलं यंत्र, दोघांची बडदास्त सारखीच.

गुरुजी निर्दय मात्र नाहीत. शनिवारी शाळा सुटली की टॅब काढून मऊ फडक्याने पुसतात. पण चार्जिंगला लावत नाहीत. वीजबिलाचा प्रश्न वेगळाच. काही टॅबच्या बॅटऱ्या आता पडल्यापडल्या फुगल्यात. रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्यापुढे सुरेख अक्षरात नोंद आहे: 'सुस्थितीत, वापर नाही.'

तेव्हा वाचकहो, गावच्या शाळेला यंदा काही द्यायचं मनात असेल, तर आधी तिसरीच्या बाईंना विचारा, त्यांना काय हवंय ते. आणि वस्तू घेऊन जाल तेव्हा ऑफिसात चहाला थांबू नका, थेट वर्गात जा.